समुद्रात खणलेला झिरा

"लुगडं सोडी दे," मालक म्हणाले.

पाणी माझ्या गळ्याशी आलं होतं. मालक, म्हणजे माझे यजमान, माझ्यापेक्षा उंच, त्यांच्या छातीशी होतं. त्यांनी दोन्ही हातांनी एका खुंट्याला मिठी मारली होती आणि मी त्यांना धरलं होतं. मच्छीमार लोक जाळं बांधायला असले खुंटे समुद्रात रोवतात. नऊवारी लुगडं भिजलं की ओल्या कापसाच्या गाठोड्यासारखं जड होतं. ते मला खाली ओढत होतं आणि पाणी मला बाजूला ओढत होतं.

"सोडी दिसू तं भाईर काय नेसीसन निंघू?" मी म्हटलं.

"निंघशी तं नेसशी ना!"

ते खरं होतं. पण मी सोडलं नाही.

काठावरून एक बाई धावत येत होती. हात वर करून ओरडत होती, "छोडी दो! खूंटो छोडी दो!" शब्द कळत होते. अर्थ लागत नव्हता. बुडणाऱ्या माणसाला कोणी खुंटा सोड म्हणतं का? आम्ही तापीकाठची माणसं. आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याला सांगतात, पुरात जे हाताला लागेल ते धर आणि मेलास तरी सोडू नको. मालकांनी डोळे मिटून खुंटा आणखी घट्ट धरला. महिन्याभराच्या तापातून उठलेला माणूस, हाताच्या नुसत्या काड्या झालेल्या. त्या काड्या किती वेळ टिकतील एवढंच मी बघत होते.

आम्ही तिथे हवा खायला गेलो होतो.

मालकांना मुदतीचा ताप आला होता. ताप उतरला, पण माणूस उठेना. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, समुद्राची हवा लागली तर भूक लागेल. समुद्र आमच्या घरात कोणी पाहिलेला नव्हता. पण आमचा कापूस घेणारा शेठ मूळचा सुरतेकडचा. त्याचा तिकडे समुद्राच्या काठावर बंगला होता आणि तो वर्षभर रिकामाच असायचा. शेठ म्हणाला, जा, राहा, रखवालदार आहे तिथे.

सासू चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "नवरा-बायको हवा खावाले चालनात. आठे हवा सरी गई का?"

मी म्हटलं, "डॉक्टरनी सांगं."

"डॉक्टरनी त्याले सांगं. तुले कोनी सांगं?"

त्यांच्या भाकरी कोण थापणार, असं मी विचारलं. पोरं दोन्ही तिच्याकडे ठेवली. टरबुजाची वाडी दिराकडे सोपवली. मालकांचा सगळा जीव त्या वाडीत. पावसाळा सरून तापीचं पाणी ओसरलं की पात्रात गाळ उघडा पडतो. त्यात आम्ही पौषापासून टरबूज लावतो. त्याला गाळपेर म्हणतात. जमीन सरकारची नाही, सावकाराची नाही. नदीने दिली तोवर आपली. नदी जसजशी आटत जाते, तसतसे आम्ही वेल घेऊन तिच्या मागे मागे पात्रात उतरतो. मालकांचं सगळं आयुष्य असं पाण्याच्या मागे चालण्यात गेलं होतं. हे मी सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

नंदुरबारहून आगगाडीने सुरत, तिथून टांगा. तेव्हा सुरत आणि आम्ही एकाच मुंबई राज्यात होतो, पण नवापूर सोडलं आणि डब्यातल्या बायकांची लुगडी बदलली, बोलणं बदललं. बोलणं निम्मं कळत होतं. आमच्या अहिराणीत गुजराती पुष्कळ आहे. निम्मं कळणं वाईट. काहीच कळलं नाही तर माणूस विचारतो. निम्मं कळलं की उरलेलं मनानेच भरतो.

पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा मी पलीकडचा काठ शोधला. नव्हता. मालक टांग्यातून उतरले, बराच वेळ डोळ्यावर हात धरून उभे राहिले. मग रखवालदाराच्या बायकोला विचारलं, "पलीकडे कोनतं गाव शे?"

ती म्हणाली, "पेले पार? घोघा."

मालकांचं समाधान झालं. रात्री मला म्हणाले, "काठ शे, काठवर गाव शे. मंग नदीच शे. मोठी शे, इतलंच."

मला ते पटलं नव्हतं. पण खोडून काढायला माझ्याजवळ तरी काय होतं? चौथीच्या भूगोलात सात समुद्रांची नावं पाठ केली होती. ती नावं त्या पाण्याशी जुळत नव्हती.

बंगल्यात आराम करायचा होता. तो कसा करतात ते आम्हाला येत नव्हतं. मालक खाटेवरून उठून ओसरीत बसत आणि ओसरीतून उठून खाटेवर. मी दोन माणसांचा स्वयंपाक करून मोकळी होई, मग अंगण झाडी, मग दुसऱ्यांदा झाडी. रखवालदाराची बायको म्हणाली, "बेन, धूळ तर राहू दे थोडी."

ओसरीत पितळी कड्यांचा मोठा झोपाळा होता. बारा महिने टांगलेला. आमच्याकडे झोका आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तोही माहेरी आलेल्या लेकींचा. तिकडे मोठे बाप्ये पाय हलवत झोके घेत बसतात, हे मला नवल वाटलं. दोन दिवस मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी मालकांच्या शेजारी जाऊन बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण दिवसाउजेडी नवऱ्याच्या शेजारी बसून बोलायची ती पहिलीच वेळ. बोलायचं काय, तेही सुचेना. मालक म्हणाले, "वाडीले पानी दिनं व्हई का भाऊनी?" मी म्हटलं, "दिनं व्हई." एवढंच बोललो. पण बरं वाटलं.

रखवालदाराची बायको मच्छीमाराच्या घरची. तिच्यामागे मी सारखी फिरत असे, कारण तिचं सगळंच वेगळं होतं. ती बिडी ओढायची, आणि नवऱ्यादेखत. मासळी तीच बाजारात नेऊन विकायची आणि आलेले पैसे कमरेलाच ठेवायची. नवरा मागायचा तेव्हा आधी चार शब्द ऐकायचा, मग पैसे मिळायचे. तिच्या अंगणात दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले असत. आमच्या घरी मासळी शिजत नाही. नाकाला पदर लावून मी उभी राहून बघायची. आपण कुरडया-पापड घालतो तसंच ते काम. कावळ्यांना कसं हाकलता, विचारलं. तिने एक मेलेला कावळा बांबूला उलटा टांगलेला दाखवला. घरी जाऊन कुरडयांसाठी हे करून बघावं असं माझ्या मनात आलं. सासूचा चेहरा आठवला आणि विचार सोडला.

तिला मी आमचा मिरचीचा ठेचा दिला. तिने खाल्ला, डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमच्याकडे माणसं आजारी पडतात ती याच्यानेच." तिने मला तांदळाचा रोटला दिला आणि गूळ घातलेली डाळ. गोड डाळ मला आजारी माणसाची वाटली. मालकांना मात्र आवडली. त्यांना भूक लागायला लागली होती. डॉक्टर खरा ठरला.

आणखी एका गोष्टीने मला चकित केलं. बंगल्याच्या मागे विहीर होती, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिचं पाणी गोड होतं. समुद्राचं पाणी मी चाखून पाहिलं होतं. थुंकून टाकलं होतं. मग शेजारच्या विहिरीत गोड पाणी कुठून? रखवालदाराच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, देवीची कृपा. मालकांनी त्याचा वेगळा अर्थ लावला.

आम्ही गेलो तेव्हा माघातली वद्य अष्टमी होती. पाणी रोज जातं आणि रोज येतं, एवढं आम्हालाही दिसलं होतं. पण मालक रोज काठावर उभे राहून बघायचे आणि त्यांच्या लक्षात आलं की ते रोज आदल्या दिवसापेक्षा लांब जातं. आज इथवर चिखल उघडा, उद्या त्याच्या पुढे, परवा त्याच्याही पुढे. दुपारी ते जेवून झोपत आणि मी त्या बाईच्या झोपडीत असे. त्यामुळे परत येताना पाणी रोज किती वर येतं, ते आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही. आम्ही अर्धी गोष्ट बघत होतो.

"आटी ऱ्हायनं," मालक म्हणाले. "आपली तापी माघमा जशी आटस ना, तशीच."

अमावास्येला सकाळी पाहिलं तर पाणी दिसेनासंच झालं होतं. लांबवर एक चकाकती रेघ, अलीकडे सगळं उघडं पात्र. मालकांच्या तोंडावर मी तापानंतर पहिल्यांदा रंग पाहिला. रखवालदाराच्या बायकोने अंगणातून हाक मारली, आज मोठं पाणी आहे, लांब जाऊ नका. मालक हसले. मला म्हणाले, "पानी दिसत नही आनि म्हने मोठं पानी."

मलाही हसू आलं. आम्ही निघालो.

काठापासून थोडं पुढे एक ओहोळ होता, घोट्याइतक्या पाण्याचा. त्यात ते जाळ्याचे खुंटे होते. तो ओलांडला की पुढे वाळूचा उंच पट्टा लागायचा. मालक बऱ्याच दिवसांनी भराभरा चालले. मध्येच वाकायचे, वाळू मुठीत घ्यायचे, दाबायचे, सोडायचे. "वाळू बारीक शे. खाले गाळ शे. इतली जमीन, आनि एक वेल नही! ह्या लोक नुसता मासा खाई ऱ्हायनात."

"खारट शे ना पन ती."

"वरतून खारट शे. खाले गोड व्हई. त्या इहिरनं पानी कोठून येस मंग?"

आणि ते खाली बसले आणि झिरा खणायला लागले.

तापीच्या वाळूत आम्ही असंच पाणी काढतो. हातभर खड्डा केला की खालून पाणी पाझरतं. पहिलं पाणी गढूळ, ते ओंजळीने उपसून टाकायचं. दुसरंही टाकायचं. मग गप्प बसून राहायचं. घाई केली तर वाळू ढवळते. हळूहळू पाणी निवळतं, तळाची वाळू दिसायला लागते, तेव्हा प्यायचं. त्या पाण्यासारखं पाणी नाही. समुद्रात झिरा खणायची बुद्धी तापीकाठच्याच माणसाला व्हायची. मीही समोर बसले आणि खणू लागले. माझं माहेर रनाळ्याचं, तिकडे विहिरी. झिरा मी लग्नानंतरच शिकले होते आणि मला त्याचा नाद होता.

पाणी आलं. उपसलं. चाखलं. खारट. "पहिलं शे," मालक म्हणाले. दुसरं उपसलं. तेही खारट. "आजून खोल जाऊ." खणलं. मग हात गुडघ्यावर ठेवून निवळायची वाट बघत बसलो. ऊन छान होतं, वारा होता. मालक मला सांगत होते की शेठला विचारून पुढच्या साली इथे टरबूज लावून बघायचं. मी विचारत होते की राखणीला कोण येईल.

झिऱ्यातलं पाणी वर यायला लागलं. भराभर. मालक हरखले. "दख, दख! किती झरा शे दख!"

मी बघितलं. आमच्या झिऱ्यात पाणी तळातून येतं. हे कडेकडेने, सगळीकडून येत होतं. वाळू फुगल्यासारखी झाली होती. माझी टाच जिथे होती तिथे पाणी साचलं. मी मान वर केली.

समोर समुद्राची रेघ अजून लांबच होती. मालक उठून उभे राहिले आणि डावीकडे बघायला लागले, मग उजवीकडे. पूर कुठून येतो, वरच्या अंगाने. ते वरचं अंग शोधत होते. समुद्राला वरचं अंग नसतं. मी मागे वळले, काठाकडे. मघाचा घोट्याइतका ओहोळ रुंद झाला होता आणि वाहत होता. पाणी आमच्या पाठीमागून आलं होतं.

आम्ही धावलो. मालकांना धावता कुठे येत होतं! ओहोळात उतरलो तेव्हा पाणी मांडीला, चार पावलांनी कमरेला. मधोमध ओढ इतकी की मालकांचे पाय सुटले आणि त्यांनी तो खुंटा धरला. एरवी तापीच्या पुरात उडी मारून ओंडके काढणारा माणूस. पण तो माणूस तापाने नेला होता.

तिथून पुढचं वर सांगितलं आहे. रखवालदाराची बायको काठावरून ओरडत होती, खुंटा सोडा. मालक म्हणत होते, लुगडं सोड. पाणी चढत होतं.

मग एक लाट मालकांच्या तोंडावर आली आणि त्यांची टोपी गेली. मी त्या टोपीकडे बघत राहिले. मरणाच्या दारात टोपी कशाला बघायची, असं कोणी म्हणेल. पण माझी नजर तिच्यावर गेली. मला वाटलं ती समुद्राकडे जाणार. नदीत पडलेली वस्तू समुद्राकडेच जाते, दुसरीकडे जाऊन जाणार कुठे? टोपी गेली उलट. ओहोळातून वळली आणि होड्या बांधलेल्या खाडीकडे निघाली. गावाकडे. घरं होती त्या बाजूला.

पाणी उलटं वाहत होतं. पाणी घरी चाललं होतं.

तेव्हा मला त्या बाईचं ओरडणं समजलं. मी मालकांच्या कानात ओरडले, "सोडी द्या! पानी गावकडे चालनं!"

"येडी व्हयनी का?"

"टोपी दखा, टोपी!"

"टोपीले काय दखू! हालू नको!"

"पोरेस्नी आन शे तुम्हले, सोडा!"

त्यांनी सोडलं नाही. जन्मभराची शिकवण बोटांत बसलेली असते, ती माझ्या सांगण्याने निघणार नव्हती. पाणी आता माझ्या हनुवटीला होतं आणि पुढे खुंट्याचंही टोक बुडणार हे दिसत होतं. मी त्यांच्या बोटांना चावले. आधी एका हाताच्या, मग दुसऱ्या. जोराने, रक्त येईल इतकं. त्यांनी मला शिवी दिली आणि खुंटा सुटला.

आम्ही वाहायला लागलो. मी माहेरच्या विहिरीत पोहायला शिकलेली. विहिरीतलं पोहणं म्हणजे जागच्या जागी तरंगणं, पुढे जाता येत नाही. पण इथे पुढे जायचंच नव्हतं. न्यायला पाणी होतं. मी मालकांची मान माझ्या खांद्यावर धरली, तोंड वर राहील एवढं बघितलं आणि पाय मारत राहिले. काठाने ती बाई आमच्याबरोबर धावत होती, आता तिचं ओरडणं बदललं होतं, "हां! हां! एम ज! आवा दो!" असंच, येऊ द्या, म्हणत होती, कोणी रेडा पोहणीला घातला असावा तशी.

खाडीच्या तोंडाशी ओढ कमी झाली. तिथे रखवालदार होडीत बसून जाळं शिवत होता. त्याने दोर फेकला. आम्ही चिखलात येऊन पडलो, मांडीपर्यंत रुतलो. लुगडं कधी गेलं ते मला कळलं नाही. अंगावर चोळी होती आणि बाकी चिखल. चिखलाने माझी लाज राखली. रखवालदाराने तोंड फिरवलं. त्याच्या बायकोने तिथल्या तिथे स्वतःच्या अंगावरचं अर्धं लुगडं फाडून माझ्यावर टाकलं आणि मग आम्हाला जे बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. त्यातलं निम्मं कळलं. पुरेसं होतं.

मालकांनी खारं पाणी ओकलं. मग रक्ताळलेली बोटं बघत बसले. जरा श्वास आल्यावर त्यांनी बाईला विचारलं, "पानी मांगून कसं उनं?"

तिने बोलणं थांबवलं. पायाच्या अंगठ्याने चिखलात रेघ ओढली, हा काठ. दुसरी ओढली, हा ओहोळ. पुढे एक उंचवटा केला, ही तुमची वाळू. आणि हाताने दाखवलं की पाणी आधी खोलगट जागा भरतं, उंचवट्याला ते शेवटी चढतं. मालक वाकून बघत होते. "आनि अमावास्याले जास्त?" तिने मान हलवली. पुनवेलाही. अष्टमीला सगळ्यात कमी. मालक म्हणाले, "म्हंजे आटत नव्हतं."

"ना रे भाई," ती म्हणाली, "दर्यो कधी आटतो का?"

आम्ही आणखी आठवडाभर राहिलो. मालक दुपारचे झोपेनात. कुंपणापाशी बसून पाणी येताना बघायचे, मीही बसायची. मागून कसं येतं ते वरून नीट दिसायचं. ओहोळात आधी एक बारीक जीभ शिरायची, चुपचाप, आवाज नसायचा. मग ती पसरायची. आमचा झिरा जिथे होता तिथे दुसऱ्या दिवशी काहीच नव्हतं, वाळू सपाट. ताप उलटेल अशी मला धास्ती होती, पण तो उलटला नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांवर माझ्या दातांचे वण मात्र राहिले. त्याबद्दल कोणी विचारलं तर मालक म्हणायचे, कुत्रं चावलं.

त्या पाण्यातून आम्ही दोघंही वाचलो. मालक पुढे पुष्कळ जगले आणि म्हातारे होऊन घरच्या खाटेवर गेले. मी अजून आहे.